इंजिनाचे हेड घरी घासावे काय? घासावे तर कुठवर?



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, पाचट, खोडवा आणि हुमणी यांबद्दल लिहितो. आज डिझेल इंजिनाच्या हेडबद्दल लिहीत आहोत. शेतकी विभागाला इंजिनाशी काय देणे-घेणे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच की, मे महिन्यात उसाचे फुटवे इंजिनाच्या भरवशावर असतात. बेणे कितीही निवडक लावा, पाळी चुकली की आमचा सल्ला कागदावरच राहतो.

आमचे शिक्षण कृषी पदविकेचे. यंत्राची पदवी आमच्याजवळ नाही. परंतु इंजिनाचे तेल लहानपणापासून हाताला लागलेले आहे, आणि एक हेड आम्ही स्वतःच्या हाताने वायाही घालवले आहे. ती हकीकत पुढे येईलच.

गेल्या उन्हाळ्यात खडकपूर्णेच्या काठच्या एका गावी आमची फेरी होती. तेथील एका भगिनी सभासदाची चार एकर सुरू लागण आहे. मालक वारले, मुलगा पुण्याला नोकरीत, वावर त्या स्वतः पाहतात. विहिरीवर विजेची मोटर आहे, पण उन्हाळ्यात विहीर तळाला जाते. मग नदीतल्या डोहावर मालकांच्या वेळचे पाच अश्वशक्तीचे इंजिन लावायचे, असा त्यांचा रिवाज. आम्ही बांधावर पोचलो तेव्हा इंजिन बंद आणि काकू धुऱ्यावर बसलेल्या.

"सायेब, इंजन पांढरा धूर देते अन् पाण्यात बुडबुडे येतात. हँडल मारून मारून पोराचे हात गेले. वावर वायून रायलं ना बाप्पा."

उसाला शेवटचे पाणी देऊन नऊ दिवस झाले होते. आमच्याकडच्या मध्यम जमिनीत उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांची पाळी लागते. लागण साडेतीन महिन्यांची, म्हणजे ऐन फुटव्यांची. या वेळी पाण्याचा ताण बसला की आधी मागून आलेले फुटवे वाळतात, आणि गेलेला फुटवा पुढे कितीही पाणी दिले तरी परत येत नाही. मेकॅनिकने हेड उतरवून पाहिले होते. पॅकिंग एका बाजूने जळून काळे पडले होते. त्याचे म्हणणे, हेड वाकले आहे, फेसिंग करावे लागेल. तालुक्याच्या गावी ग्राइंडिंगचे यंत्र नाही. जिथे आहे तिथे लग्नसराईत गेलेल्या कारागिरामुळे बारा दिवसांचा वायदा मिळाला. नऊ अधिक बारा एकवीस. काकूंनी हा हिशेब आमच्या आधीच केला होता.

आता हेड वाकते म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या किर्लोस्कर एव्ही-१ जातीच्या इंजिनाचा सिलिंडर ८० मि.मी. व्यासाचा असतो. स्ट्रोक ११० मि.मी. आणि वेग मिनिटाला १५०० फेरे. ८० मि.मी. व्यासाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर होते. डिझेल पेटते त्या क्षणी आत दर चौरस सेंटिमीटरला साठ किलोच्या आसपास दाब धरला, तर हेडला खालून बसणारा धक्का तीन हजार किलोचा, म्हणजे तीन टनांचा झाला. गच्च भरलेली टायरगाडी डोळ्यांसमोर आणा. असा धक्का मिनिटाला ७५० वेळा बसतो. हे सर्व अडवून धरतात ते चार-सहा नट आणि मधले एक पातळ पॅकिंग. पॅकिंग दबून जागा भरते हे खरे, पण केसाच्या जाडीची फट असली की पेटलेला वायू तिथून वाट काढतो. एकदा वाट पडली की ती रोज रुंदावते. वायू पाण्याच्या वाटेत शिरला तर बुडबुडे येतात, पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर पांढरा धूर. पाणी तेलात उतरले तर डिपस्टिकवर ताकासारखे पांढरे दिसते. असे तेल दिसले की इंजिन एक मिनिटही चालवू नये. हेडच्या खर्चात क्रँकचा खर्च वाढेल.

डिझेल इंजिन आपल्या शिवारात येऊन आता तीन पिढ्या होतील. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने स्वातंत्र्यापूर्वीच डिझेल इंजिने बनवली. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ साली झाली. जुन्या लोकांना संथ चालीची, मोठ्या दोन चाकांची लिस्टर इंजिने आठवत असतील. तो नमुना मूळचा इंग्लंडचा, पण राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या इतक्या नकला काढल्या की पुष्कळांना तो गुजरातचाच वाटतो. आज विजेच्या मोटरी आहेत, सौर पंपही वावरावावरात दिसू लागले आहेत. तरी नदीकाठी आणि धरणाच्या फुगवट्यावर अडीनडीला इंजिनच चालते. वर्षातून दोन महिने चालते, म्हणूनच त्याच्याकडे दहा महिने कोणी पाहत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही मेकॅनिकला म्हटले की, हेड घरी घासून पाहू. तो हसला. "सायेब, फरशीवर घासलेली हेडं म्या लई पायली."

त्याचे हसणे रास्त होते. वीस वर्षांपूर्वी आम्ही नेमके तेच केले होते. वडिलांच्या इंजिनाचे पॅकिंग उडाले. आम्ही नवेनवे पदविकाधारक, अंगात उत्साह फार. अंगणातल्या शहाबादी फरशीवर वाळू आणि पाणी टाकून दोन तास हेड घासले. चांदीसारखे चकचकीत झाले. बसवले, आणि तिसऱ्या दिवशी पॅकिंग पुन्हा उडाले. मग स्टीलची पट्टी आडवी लावून पाहिली तर हेडला पोट आलेले. मध्ये उंच, कडा खचलेल्या. फरशी मध्ये खोलगट होती आणि आमचे हात पुढे ढकलताना पुढची कड दाबत होते, मागे ओढताना मागची. नवे हेड घ्यावे लागले. वडील काही बोलले नाहीत, आणि ते जास्त लागले.

चकचकीत म्हणजे सपाट नव्हे, एवढी गोष्ट त्या हेडने आम्हांला शिकवली. जुन्या बायांना हे जात्यावरून माहीत असते. दोन पाळ्या एकमेकींवर नुसत्या फिरत राहिल्या तर एक खोलगट आणि दुसरी फुगीर होऊनही दोघी नीट जुळून बसतात. दोघींची जुळणी होणे वेगळे आणि दोघी सपाट असणे वेगळे. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज यंत्रकाराने यावरचा उपाय १८४० साली ग्लासगोच्या सभेत निबंध वाचून मांडला. दोन पत्रे न घेता तीन घ्यायचे, आणि पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पहिल्याशी असे आळीपाळीने जुळवत जायचे. तिन्ही एकमेकांशी जुळले तर ते सपाटच असले पाहिजेत, कारण दोन फुगीर पृष्ठे एकमेकांशी जुळू शकत नाहीत. जगातली सपाटी मोजण्याची पट्टी अशी घासाघाशीतून निघाली. आपल्याला तीन पत्रे घासत बसायला नकोत. जाड काच मिळते. कारखान्यात तयार झालेली दहा-बारा मि.मी. जाडीची काच आपल्या कामापुरती सपाट असते.

काच मिळाली एका बंद पडलेल्या दुकानाच्या काउंटरची. पण आधी हेड घासण्याच्या लायकीचे आहे की नाही, ते पाहिले. हेड साफ करताना एक जपावे. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. म्हणून ते कोरडे खरवडू नये. तेलाने भिजवून, बोथट पट्टीने काढावे आणि तो लगदा पुरून टाकावा. वायरब्रश मारून धूळ उडवणारे मेकॅनिक आम्ही आजही पाहतो.

मग चिरेची परीक्षा. हेडवर रॉकेल लावायचे, पाच-दहा मिनिटांनी फडक्याने अगदी कोरडे पुसायचे आणि वर खडूची पूड भुरभुरायची. चीर असेल तर आत मुरलेले रॉकेल वर येऊन पांढऱ्या पुडीत ओली रेघ उमटते. रॉकेल आता गावात मिळत नाही, डिझेल चालते, जरा वेळ जास्त लागतो. दोन व्हॉल्व्हच्या मधली जागा आणि नोझलच्या भोकाची कड भिंग लावून पाहावी. चीर बहुधा तिथेच असते. चिरलेले हेड घासणे म्हणजे फुटक्या घागरीला कल्हई करणे होय. काकूंचे हेड निर्मळ निघाले.

त्यानंतर वाक मोजला. स्टीलची पट्टी कडेवर उभी धरायची, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर, आणि पलीकडून बॅटरीचा उजेड टाकायचा. फट कुठे आहे ते उजेड सांगतो, किती आहे ते फीलर गेज. पट्टी सरळ आहे की नाही हेही पाहून घ्यावे. कागदावर तिच्या कडेने बारीक रेघ मारा, पट्टी उलटून त्याच रेघेला तीच कड लावा, मध्ये फट दिसली तर पट्टी वाकडी. फीलर नसेल तर वर्तमानपत्राच्या कागदावर अंदाज करता येतो, त्याची जाडी ०.०७ मि.मी.च्या आसपास असते. आमचा शिरस्ता असा आहे की, ०.०५ पर्यंत फट असेल तर हात लावायचा नाही, दोष दुसरीकडे शोधायचा. ०.०५ ते ०.१२ घरी जमते. त्यापुढे बारा दिवस थांबावे लागले तरी यंत्रावरच न्यावे, कारण हाताने तेवढा बीड काढताना हात थकतो आणि थकलेला हात पोट आणतो. काकूंच्या हेडवर नोझलच्या बाजूने कर्णावर ०.०८ ची पात जात होती, ०.१० ची जात नव्हती. म्हणजे आपल्या हद्दीत.

नोझल, दोन्ही व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगा काढल्या. कोणता व्हॉल्व्ह कुठला ते खुणेने ठेवले. व्हर्नियरच्या मागच्या दांडीने दोन्ही व्हॉल्व्ह हेडच्या पृष्ठापासून किती खोल बसतात ते आधीच मोजून भिंतीवर लिहिले. का ते पुढे सांगतो.

काच जमिनीवर तशीच ठेवली तर खालच्या उंचवट्याप्रमाणे तीही किंचित वाकते. म्हणून माजघरातल्या सपाट पाटावर वर्तमानपत्राच्या घड्या, त्यावर काच. काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर. बाजारी कागद बहुधा ९ बाय ११ इंचांचा असतो, तो हेडला जेमतेम पुरतो. दोन कागद जोडू नयेत, जोडाची कड हेडला ओरखडते. फर्निचरवाल्यांकडे रुंद रोल मिळतो, तो उत्तम. कागद ओला करून काचेला चिकटवला आणि वर डिझेलचा हात दिला. हेडच्या पृष्ठावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघांची जाळी काढली. हीच आपली मोजणी. जिथल्या रेघा पुसल्या ती जागा उंच, जिथल्या राहिल्या ती खोल.

घासताना दाब द्यायचा नाही. हेडचे स्वतःचे वजन पुरे आहे. हात अगदी खाली, कागदालगत ठेवायचे. वरून धरले की हेड डोलते. फिरवायचे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे (आपला मराठी आठ येथे उपयोगाचा नाही), आणि वीस फेऱ्या झाल्या की हेड पाव वळण फिरवायचे, म्हणजे हाताची खोड एकाच कडेवर बसत नाही. कागद पुसून ताजे डिझेल घालावे, काळा रेंदा साचला की कागद कापत नाही, नुसता गुळगुळतो. मेकॅनिक, काकूंचा पुतण्या आणि आम्ही आलटून-पालटून घासत होतो. पहिल्या तासाला नोझलजवळच्या रेघा जशाच्या तशा. पुतण्या म्हणाला, "सायेब, कागद कापते का नाई?" कापत होता, फक्त उंच जागी. दुसऱ्या तासाला कडेच्या रेघा गेल्या. साडेतीन तासांनी बोटभर रेघ उरली, मग तीही गेली. नव्या रेघा काढल्या, दहा फेऱ्यांत सगळीकडून सारख्या पुसल्या. मग २२० आणि शेवटी ३२० नंबरचा हलका हात. त्याहून गुळगुळीत करण्याची हौस करू नये, पॅकिंगला धरायला थोडा खरखरीतपणा लागतो. ०.०५ ची पात कुठूनच जाईना, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि काकूंनी तिसऱ्यांदा चहा ठेवला होता.

येथे एक गैरसमज काढून टाकू. हेड घासल्याने कॉम्प्रेशन वाढते आणि पिस्टन हेडला लागतो, असे पुष्कळ लोक सांगतात. एव्ही-१ सारख्या इंजिनात ज्वलनाची वाटी पिस्टनमध्ये असते आणि हेड खालून सपाट असते. सपाट पृष्ठ घासून पुन्हा सपाटच राहिले आणि पॅकिंग तितक्याच जाडीचे घातले, तर पिस्टन व हेड यांतले अंतर तेच राहते. बदलते ते दुसरेच. व्हॉल्व्ह पूर्वीपेक्षा तेवढे वर येतात आणि नोझलचे टोक तेवढे आत डोकावते. म्हणून आम्ही भिंतीवर आकडे लिहिले होते. व्हॉल्व्हची खोली इंजिनाच्या पुस्तकातल्या मापाहून कमी भरली तर सीट घासून व्हॉल्व्ह खाली घ्यावे लागतात, नाही तर पिस्टन त्यांना ठोकतो. आमचे माप बसले. नोझलखालचे तांब्याचे वॉशर नवे घातले. जुने वॉशर भोकातच चिकटून राहते आणि त्यावर दुसरे बसवले जाते, ही चूक नेहमीची आहे. तारेने उचकून पाहावे.

घासण्याइतकेच धुणे महत्त्वाचे. कागदाची कणी पाण्याच्या वाटांत आणि व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये लपून बसते. ती लायनरमध्ये उतरली तर रिंगा खाऊन टाकते. गरम पाणी आणि कपड्याच्या साबणाने दोनदा धुऊन, फुंकून, लगेच तेलाचा हात दिला. ब्लॉकचे पृष्ठ मात्र कागदाने घासू नये. सिलिंडरच्या तोंडात ग्रीस लावलेला बोळा कोंबून ते फक्त पट्टीने साफ करावे. लायनरची कड ब्लॉकच्या किंचित वर असायला हवी. ती खाली दबली असेल तर हेड आरशासारखे केले तरी पॅकिंग पुन्हा जाणार.

पॅकिंग नवेच घातले. जुन्याला ऑइलपेंट फासून बसवणे हा पैसे वाचवण्याचा मार्ग नाही. नट समोरासमोरचे धरून, तीन फेऱ्यांत आवळले आणि शेवटची फेरी टॉर्क पान्याने पुस्तकातल्या मापावर. एका बाजूचा नट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळणारा मेकॅनिक नव्या हेडलाही वाक देतो. मग टॅपेट लावले. सकाळी सात वाजता तिसऱ्या हँडलला इंजिनाने धरले. बुडबुडे नाहीत, धूर नाही. पाणी पाटात आले तेव्हा उसाला दहावा दिवस होता. चार तास चालवून, पूर्ण गार होऊ देऊन नट पुन्हा तपासले. दोन नट चांगले पाव फेरा गेले. त्यानंतर टॅपेट पुन्हा लावावे लागतात, हे विसरू नये.

एवढे झाल्यावर मेकॅनिकने विचारले की, मुळात हेड वाकले कशाने? आम्ही डोहात फुटव्हॉल्व्ह (गावात त्याला 'फुटबॉल' म्हणतात) वर काढून पाहिला. चामड्याच्या वायसरखाली उसाचे पाचट अडकलेले. म्हणजे पंप मधूनमधून पाणी सोडत होता, इंजिनाला थंडाईचे पाणी त्याच पंपातून येते, ते थांबले की हेड तापून लाल. पुतण्या मग पंपात बादलीने पाणी भरून तो चालू करी आणि ते गार पाणी एकदम तापलेल्या हेडमधून जाई. तापलेल्या बिडाला असा धक्का बसला की तो वाकतो, नशीब वाईट असेल तर तडकतो. इंजिन तापलेले दिसले तर बंद करून हात लावता येईल इतके निवू द्यावे, मगच पाणी. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातल्या बंधूंना आणखी एक त्रास आहे. तिथल्या पाण्याचा क्षार हेडच्या आत थर धरतो, पाणी चालू असूनही उष्णता बाहेर येत नाही. हेड उतरले आहेच तर आतल्या वाटा तारेने आणि ब्रशने खरवडून घ्याव्यात.

काकूंनी फुटव्हॉल्व्हला आता बांबूची टोपली बांधली आहे. काच त्यांच्याच कोठीत गोणपाटात गुंडाळून ठेवली आहे. आतापर्यंत तिघांनी मागितली. एकाचे काम झाले, दुसऱ्याचे हेड खडूच्या परीक्षेत चिरलेले निघाले, आणि तिसरे गृहस्थ इंजिन उतरवायला मुहूर्त पाहत आहेत.